वजीर काढून खेळणारी माणसे

धागाकर्ती: पटावरची मुंगी

यंदाच्या मे महिन्यात सांगलीला आमच्या घरी बुद्धिबळाचा एक डाव अठराव्या चालीला संपला आणि पुढचे दोन दिवस घरात कोणी त्याचा विषय काढला नाही. खेळणारे दोघे म्हणजे माझे ७४ वर्षांचे वडील आणि माझा १३ वर्षांचा मुलगा.

वडिलांचा पट जुना, लाकडी आहे. त्यातला एक काळा हत्ती मी पहिलीत असताना हरवला आणि तेव्हापासून त्याच्या जागी आईच्या शिवणयंत्राचे रिकामे रीळ उभे असते. मी याच पटावर खेळायला शिकले. बाबा स्वतःचा वजीर आणि दोन्ही हत्ती काढून ठेवून माझ्याशी खेळत, आणि मी लागोपाठ तीन डाव जिंकले की त्यांचा एक मोहरा पटावर परत येई. वजीर परत आला तेव्हा मी आठवीत होते. त्या दिवशी मी सपाटून हरले, तरी संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे जाऊन, आजपासून बाबा माझ्याशी वजीर ठेवून खेळतात, असे सांगून आले होते.

माझा मुलगा टाळेबंदीत फोनवर खेळायला शिकला. त्याच्याशी कोणी कधी वजीर काढून खेळलेले नाही आणि त्याची गरजही पडली नाही. संकेतस्थळ प्रत्येकाला एक आकडा, म्हणजे रेटिंग, देते, डाव जिंकला की तो वाढतो, हरला की उतरतो, आणि बटण दाबल्यावर काही सेकंदांत जगाच्या पाठीवरचा जवळपास तेवढ्याच आकड्याचा कोणीतरी समोर येऊन बसतो. मुलाने आजवर काही हजार डाव खेळले असतील, पण आपल्यापेक्षा फार बलवान किंवा फार दुबळ्या माणसासमोर तो क्वचितच बसला आहे. तो साधारण निम्मे डाव जिंकतो आणि निम्मे हरतो. त्यात त्याचे कर्तृत्व नाही आणि दोषही नाही, ती व्यवस्थाच तशी आहे.

मे महिन्यात आजोबांनी हौसेने पट मांडला. बाबा जुन्या पद्धतीने सावकाश, मोहऱ्यावर बोट टेकवून विचार करत खेळतात. अठराव्या चालीला बाबांवर मात झाली. मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमचं रेटिंग किती असेल?" त्याच्या स्वरात उर्मटपणा नव्हता, ती निव्वळ माहितीची चौकशी होती. उत्तराची वाट न पाहता त्याने फोन उचलला. बाबांनी एकेक मोहरा डब्यात ठेवला आणि शेवटी रीळ ठेवले.

पुण्याला परतताना गाडीत मी त्याला म्हटले की, एखादा डाव आजोबांना दिला असतास तर काय बिघडले असते? त्यावर त्याने जे विचारले त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तो म्हणाला, "मुद्दाम हरणं म्हणजे फसवणूक ना? साइटवर त्यासाठी खातं बंद करतात." हे खरे आहे. आकडा खाली आणण्यासाठी जाणूनबुजून हरणे तिथे नियमबाह्य आहे. माझ्या लहानपणी ज्याला आम्ही माया समजत होतो, तो त्याच्या जगात गुन्हा आहे.

मोबाइल चांगला की वाईट, या प्रश्नावर इथे भरपूर धागे आहेत; तो प्रश्न इथे नको. मला विचारायचे आहे ते एवढेच की, इंटरनेटने खेळात बरोबरीचा प्रतिस्पर्धी इतका स्वस्त केल्यावर, बरोबरीची नसलेली माणसे एकमेकांशी खेळायची थांबली आहेत का? बाप आणि मुलगी, थोरला आणि धाकटा, तरबेज आणि नवखा, या जोड्यांचे तुमच्या घरात काय झाले?

प्रतिसाद: अडीच घरं

ताई, तुमच्या वडिलांविषयी पूर्ण आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. मी नाशिकला मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि माझ्याकडे निम्मी मुले तालुक्याच्या गावांतून येतात. 'बरोबरीचा प्रतिस्पर्धी स्वस्त झाला' हे वाक्य तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिले आहे. आमच्यासाठी ती या खेळाच्या इतिहासातली मोठी सुटका आहे.

तुम्ही सांगलीच्या आहात. १९४१ साली भाऊसाहेब पडसलगीकरांनी जिथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले, त्या गावात तुम्ही वाढलात. प्रत्येक गावाच्या नशिबी सांगली नसते. माझ्या लहानपणी आमच्या गावात बुद्धिबळ खेळणारी चार माणसे होती आणि त्यांतल्या दोघांचे एकमेकांशी बोलणे बंद होते. चौथ्याला हरवायला लागल्यावर माझी प्रगती खुंटली ती थेट कॉलेजसाठी नाशिकला येईपर्यंत.

आकड्याचे गणित अनेकांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. ही पद्धत आर्पाद एलो या प्राध्यापकांची आहे आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या आकड्यांत २०० गुणांचा फरक असला, तर वरच्याने शंभर डावांतून सुमारे ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळवावेत अशी अपेक्षा असते. फरक ४०० असला तर सुमारे ९१. ऑनलाइन संकेतस्थळे याच कल्पनेच्या पुढच्या आवृत्त्या वापरतात. ४०० च्या फरकाने शंभर डाव खेळणाऱ्या मुलाच्या पदरात नऊ गुण पडतील. त्यातून तो किती शिकेल आणि किती दिवस टिकेल? बहुतेक मुले वजीर परत येण्याची वाट पाहत नाहीत, ती पट सोडून क्रिकेट खेळायला जातात. तुम्ही टिकलात म्हणून तुम्हाला ती पद्धत गोड वाटते.

तुमच्या मुलाने डाव दिला नाही, याबद्दल मात्र मी त्याला शाबासकी देईन.

प्रतिसाद: खिडकीपाशी

मी स्वीडनमध्ये राहतो, माझा थोरला भाऊ कोल्हापूरला असतो. आम्ही दोघे गेली सहा वर्षे एकमेकांशी अखंड खेळत आहोत, त्यामुळे इथे लिहिणे मला भाग आहे.

आमच्या वडिलांचा एक स्नेही बेळगावला होता आणि दोघे पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळत. १५ पैशांचे कार्ड, वर दोन ओळी ख्यालीखुशालीच्या, खाली एक चाल. एक डाव दीड-दीड वर्ष चाले. बाबांनी त्यासाठी दाराआड खिळ्याला एक पट टांगला होता आणि त्याच्या चौकोनांना चिरा पाडून पुठ्ठ्याचे मोहरे त्यांत खोचले होते. पोस्टमन आला की आई आधी ख्यालीखुशाली वाचे, मग बाबा चाल वाचत.

आमच्या डावात एका चालीला तीन दिवसांची मुदत असते. ही सोय मोठ्या संकेतस्थळांवर आहे, पण मुलांना ती कंटाळवाणी वाटते. भाऊ माझ्यापेक्षा बराच चांगला खेळतो. सहा वर्षांत मी जेमतेम सात-आठ डाव जिंकलो असेन. मुंगीताईंना हवी असलेली बरोबरीची नसलेली जोडी ती हीच.

आमचे दोघांचे फोनवर फारसे बोलणे होत नाही. लहानपणापासूनच ते कमी होते आणि वडिलोपार्जित घराच्या वाटणीनंतर आणखी कमी झाले. चाल मात्र रोज सकाळी येते. तिथे साडेसहा वाजलेले असतात, म्हणजे त्याचा चहा झालेला असतो आणि आमच्याकडे हिवाळ्यातली मध्यरात्र उलटून गेलेली असते. गेल्या वर्षी आईला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा वहिनीने फोन करून कळवले आणि मी तिकिटाच्या धावपळीला लागलो. भावाचा फोन लागत नव्हता. पहाटे चारच्या सुमारास त्याची चाल आली, उंट एक घर मागे. रुग्णालयाच्या बाकावर बसून त्याने ती खेळली होती. त्या चालीत बुद्धिबळाच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता. मला मात्र त्यावरून कळले की आई स्थिर आहे, कारण ती अस्थिर असती तर त्याने फोन हातात घेतला नसता. मीही एक प्यादे सरकवले आणि विमानतळावर गेलो.

अडीच घरं सर, तुमचे गणित मान्य आहे. आमच्या बाबतीत फरक ४०० च्या आसपासच असावा. मला मिळायचे ते नऊ गुण पुरतात.

प्रतिसाद: रात्रपाळी

बुद्धिबळातले मला फारसे कळत नाही, पण विषय आमच्याही खेळाचा आहे म्हणून लिहितो. मी लातूरचा, सध्या पुण्यात नोकरीला आहे. आमचा चौघांचा स्क्वाड, म्हणजे संघ, २०१८ मध्ये पबजी या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळात जमला. दोघे शाळेतले मित्र, तिसरा त्यांच्यापैकी एकाचा मावसभाऊ, चौथा मी. मावसभाऊ चंद्रपूरला राहतो आणि त्याला मी आजतागायत प्रत्यक्ष पाहिलेले नाही.

मुंगीताईंच्या प्रश्नाचे आमच्याकडून उत्तर असे आहे की, समोरचे शत्रू यंत्रणा जुळवून देते हे खरे, पण आपल्या बाजूचे चौघे आपण निवडतो आणि ते कधीच एकसारखे नसतात. आमच्यातला एक जण पहिल्या पाच मिनिटांत हमखास 'नॉक', म्हणजे घायाळ, होतो. तो जमिनीवर रांगत असताना "उचल रे, उचल" असे ओरडतो आणि कोणीतरी गोळीबारात धावत जाऊन, धुराचा गोळा टाकून, दहा सेकंद त्याच्याशेजारी बसून त्याला उठवतो. त्या दहा सेकंदांत उचलणाराही मारला जाण्याची शक्यता मोठी असते. आकड्यांच्या हिशेबाने त्याला सोडून देणे शहाणपणाचे आहे. सात वर्षांत आम्ही त्याला एकदाही सोडलेले नाही. तेव्हा वजीर काढून खेळणे संपले असे मला वाटत नाही. आमच्याकडे त्याचे रूप तेवढे बदलले आहे.

२ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा घरच्यांना हायसे वाटले. आम्हाला मात्र गावातला गप्पांचा पार उठल्यासारखे झाले. खेळापेक्षा रात्री साडेदहाचा आवाज गेला. बीजीएमआय, म्हणजे त्याच खेळाची भारतीय आवृत्ती, आली २०२१ च्या जुलैमध्ये. मधले दहा महिने आम्ही व्हॉट्सॲपवर गट काढून बोलायचा प्रयत्न केला. नुसते बोलायचे म्हटले की आम्हाला काय बोलावे ते सुचत नसे. हातात काम असले की पुरुष बोलतात, असे माझी बहीण म्हणते. २०२२ च्या जुलैअखेर तीही ॲपच्या दुकानांतून काढली गेली आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात परतली. पण ज्यांच्या फोनमध्ये आधीपासून होती त्यांचे खेळणे त्या वेळी सुरू राहिले होते, त्यामुळे ती खेप एवढी जाणवली नाही.

चंद्रपूरच्या मित्राचे वडील गेले तेव्हा त्याने ते आम्हाला सामना चालू असताना सांगितले. आम्ही तिघेही एका पडक्या घरात लपून बसलो आणि कोणी काही बोलले नाही. बाहेरचे वर्तुळ, ज्याच्या आत राहिले तरच जीव वाचतो, आक्रसत येत होते. आम्ही तिथेच बसून राहिलो आणि त्या डावात चौघेही मेलो. भेटायला जाणे त्या वेळी शक्य झाले नाही याची बोचणी मात्र आहे.

प्रतिसाद: ओसरी

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिता आले नाही.

मला दुसरी बाजू मांडायची आहे. या धाग्यावर जुन्या पटाभोवती जो उबदार प्रकाश पडला आहे, त्यात बायका कुठे बसल्या होत्या? आमच्या घरी बुद्धिबळ ओसरीवर चाले आणि ओसरीवर चहा नेऊन द्यायचा असे. माझ्या आजीला सगळ्या मोहऱ्यांच्या चाली येत होत्या, कारण चाळीस वर्षे चहाचे कप ठेवताना तिने पट पाहिला होता. तिला एकदाही कोणी "बस, एक डाव टाक" असे म्हटले नाही. मुंगीताईंचे वडील अपवाद होते, हे त्यांनी मान्य करावे.

स्पर्धांमध्येही वेगळे नव्हते. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा त्यावर गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि फिडेचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स युवे यांना स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय द्यावा लागला. पटाला स्त्री-पुरुष कळत नाही हे सांगायला जागतिक अध्यक्ष लागले.

मी वयाच्या ४६ व्या वर्षी ऑनलाइन शिकले. माझे तिथले नाव एका फळाचे आहे आणि त्यावरून मी बाई आहे की पुरुष, पुण्याची की पेरूची, काही कळत नाही. मला त्या यंत्राने शून्य कौतुक करून माझ्या लायकीचा माणूस समोर बसवला, हीच मला मिळालेली सर्वांत मोठी सवलत आहे. माझ्याशी कोणी वजीर काढून खेळू नये. घरी तसे खेळायची तयारी दाखवणारे पुष्कळ होते. माझ्याकडून हरल्यावर "लक्ष नव्हतं" असे म्हणणारेही तेच होते.

अवांतर: एकदा चुकून मी गप्पांच्या चौकटीत माझी ओळख कळेल असे काही लिहिले. समोरच्याने जे लिहिले ते इथे लिहिण्यासारखे नाही. तेव्हापासून ती चौकट मी कायमची बंद केली आहे. म्हणजे मला हवे असलेले निनावीपण मी मिळवले, पण त्याची किंमत म्हणून सहा हजार डावांत एकाही माणसाशी माझी ओळख झालेली नाही. ही तक्रार नाही, पण हिशेब पुरा असावा.

प्रतिसाद: बिनपगारी

रमीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. माझा मेहुणा ऑनलाइन रमीत चार लाख हरला. सुरुवातीचे काही दिवस तो जिंकतच होता. २२ ऑगस्ट २०२५ रोजी पैशांच्या ऑनलाइन खेळांवरील बंदीच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, तेव्हा बहीण देवापुढे साखर ठेवून आली. दिवाळीतल्या पत्त्यांत आम्ही त्याला दर वर्षी मुद्दाम जिंकू देत असू, आता कोणी पत्ते काढतच नाही.

प्रतिसाद: पटावरची मुंगी

बिनपगारी, तुमच्या बहिणीच्या घराला यातून लवकर सावरता येवो. पैशांच्या खेळांचा विषय मोठा आणि निराळा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा अशी विनंती करते. तुमचे शेवटचे वाक्य मात्र याच धाग्याचे आहे.

ओसरी, तुमचे म्हणणे मान्य आहे. माझी आई त्या खोलीत शिवत बसलेली असे आणि तिचे रीळ पटावर होते, ती स्वतः नव्हती. हे मला तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत सुचले नव्हते. काल तिला फोन करून विचारले. ती म्हणाली की तिला बुद्धिबळाचा कंटाळा येतो. खरे असेलही.

प्रतिसाद: अडीच घरं

ओसरी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता मी माझ्याच बाजूविरुद्ध दोन गोष्टी लिहितो, कारण मुंगीताईंचा धागा डोक्यातून जात नाही.

पहिली गोष्ट डाव संपल्यानंतरची. पूर्वी स्पर्धेत डाव संपला की दोघे प्रतिस्पर्धी बाहेरच्या टेबलावर पट घेऊन बसत आणि डाव पुन्हा मांडत. "इथे घोडा घेतला असतास तर?" "मग मी हत्तीने शह दिला असता." ज्याने आत्ताच आपल्याला हरवले त्याच्या शेजारी बसून आपली चूक शोधायची, हे मुलांना शिकवायला फार कठीण आणि शिकली की फार उपयोगी. आज डाव संपता क्षणी इंजिन, म्हणजे चाली तपासणारी संगणक प्रणाली, सांगते की चोविसावी चाल ही घोडचूक होती. ते अचूक असते आणि फुकट असते, त्यामुळे समोरच्या माणसाला विचारायचे कारण उरत नाही. माझी मुले ऑनलाइन हरली की दोन सेकंदांत पुढचा डाव सुरू करतात. हरवणाऱ्याचे नाव विचारले तर सांगता येत नाही, त्याचा आकडा मात्र सांगतात.

दुसरी गोष्ट २०२० च्या ऑनलाइन ऑलिंपियाडची, म्हणजे देशोदेशीच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेची. आमच्या नाशिकचा विदित गुजराथी भारतीय संघाचा कर्णधार होता. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम लढत होती. पहिली फेरी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे इंटरनेट तुटले आणि दोघेही वेळ संपल्यामुळे हरले. भारताने दाद मागितल्यावर फिडेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. दिव्या तेव्हा १४ वर्षांची होती. समोर पट असता तर घड्याळ थांबवून पंचाला हाक मारता आली असती. इथे आपल्या घरी बसून, मोहरे जिथल्या तिथे असताना, पडद्यावरची वेळ संपताना पाहायची. त्याच मुलीने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला, समोरासमोर बसून, कोनेरू हंपीसारख्या दिग्गज खेळाडूला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. हंपी तिच्यापेक्षा १८ वर्षांनी मोठी आहे. बरोबरीच्या नसलेल्या जोड्या वरच्या पातळीवर अजून समोरासमोर बसतात, एवढे तरी समाधान.

प्रतिसाद: रिकामी खुर्ची

खेळणे आणि पाहणे यांतला फरकही लक्षात घ्यावा, असे सुचवतो. माझी मुलगी बुद्धिबळ खेळण्यापेक्षा कितीतरी अधिक पाहते. २०२० च्या टाळेबंदीत समय रैना या विनोदवीराने विदित गुजराथी आणि इतर खेळाडूंना घेऊन यूट्यूबवर बुद्धिबळाच्या मैफिली सुरू केल्या. आपल्याकडे हा खेळ हसत-खिदळत, चुका करत, एकमेकांची टर उडवत पाहायची गोष्ट झाला तो तिथून. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मात्र त्या पाहण्यात एक चमत्कारिक नाते तयार होते. मुलगी अशा प्रक्षेपणकर्त्यांना पहिल्या नावाने हाक मारते, त्यांची आजारपणे तिला ठाऊक असतात, त्यांच्या भांडणांत ती बाजू घेते. त्यांना ती ठाऊक नाही. एकदा तिने खाऊच्या पैशांतले चाळीस रुपये पाठवले तेव्हा त्या माणसाने तिचे नाव वाचून दाखवले, अर्थात चुकीच्या उच्चाराने. ते दोन सेकंद तिने ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. मी शेजारच्या खोलीत तिचे नाव बरोबर उच्चारत रोज जेवायला हाका मारतो, त्यांचे कोणी ध्वनिमुद्रण करत नाही. (हे गमतीने घ्यावे. बरेचसे गमतीने.)

मीही लहानपणी वानखेडेवरचा सामना ऐकायला रेडिओला कान लावून बसत असे आणि सुनील गावसकर मला ओळखत नव्हते. पण मी रेडिओला पैसे पाठवून त्यांच्याकडून माझे नाव वदवून घेऊ शकत नव्हतो. ती फट इंटरनेटने बुजवल्यासारखी दाखवली आहे आणि मुलांना ती बुजलेलीच वाटते.

प्रतिसाद: ओसरी

रिकामी खुर्ची, तुम्ही मुलीबरोबर बसून एखादे प्रक्षेपण पूर्ण पाहिले आहे का? खोचकपणे विचारत नाही.

प्रतिसाद: रिकामी खुर्ची

नाही. मथितार्थ पोचला. आज रात्री पाहतो.

प्रतिसाद: पटावरची मुंगी

धागा दिवाळीपर्यंत चालेल असे वाटले नव्हते. पुढची हकिगत सांगते आणि थांबते.

खिडकीपाशी यांचा प्रतिसाद मी मुलाला वाचून दाखवला. त्याने बराच वेळ काही म्हटले नाही, मग विचारले की आजोबांच्या फोनमध्ये लिचेस टाकता येईल का. हे संकेतस्थळ फुकट आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालते. त्यामुळे बाबांचा 'यात पैसे कापतात' हा पहिला आक्षेप निकालात निघाला. दुसरा आक्षेप मोहऱ्यांच्या आकाराचा होता, तो चष्मा बदलून सुटला.

मुलाने तिथे मोहऱ्यांची हवी तशी मांडणी करून मित्राला आव्हान देता येते हे शोधून काढले आणि पहिल्याच रविवारी स्वतःचा वजीर काढून ठेवून आजोबांना डाव पाठवला. त्याचा हेतू चांगला होता. बाबांनी फोन केला, तो मला. "त्याला सांग, वजीर परत ठेव. मला काय लहान मूल समजला का?" ते रागावले होते. मी हसले, ते आणखी रागावले. माझ्या लक्षात यायला उशीर झाला की, वजीर वरून खाली काढला जातो, खालून वर नाही. धाकट्याने थोरल्यासाठी काढलेला वजीर हा सरळसरळ अपमान असतो. अडीच घरं सर, तुमच्या गणितात याला आकडा नाही.

मग पूर्ण मोहऱ्यांचे डाव सुरू झाले, दोघांना तीस-तीस मिनिटे. बाबा सगळे हरले. त्यांचा खेळ मुळात वाईट नाही, पण वेळ पुरत नाही. बोट टेकवून विचार करायची सवय फोनवरही गेलेली नाही, आणि पडद्यावर बोट टेकवले की मोहरा उचलला जातो. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र ते जिंकले. फोन करून त्यांनी आधी आईला बोलायला दिले, मग स्वतः सगळ्या चाली सांगितल्या.

मला शंका आली म्हणून मी मुलाला विचारले की, तू मुद्दाम हरलास का? त्याने शपथेवर नाही म्हटले आणि डाव उघडून दाखवला. चाली खऱ्या होत्या, इंजिनने त्याच्या नावावर एक घोडचूकही नोंदवली होती. पण पडद्याच्या कडेला एक छोटे बटण असते, समोरच्या खेळाडूच्या घड्याळात पंधरा सेकंद वाढवणारे. त्याने ते डावभर अधूनमधून दाबले होते. किती वेळा, ते त्याने मोजले नव्हते.

नियमात बसते, असे तो म्हणाला. मी पाहिले, बसते.

बाबांना अजून वाटते की सांगलीच्या फोनमधले घड्याळ जरा सावकाश चालते. परवा आईला सांगत होते की पुण्याकडचे नेटवर्क घाईचे आहे.